उंबरठ्याच्या आतल्या चपला

जोंधळेबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते चपलांच्या ढिगापाशी. आमच्या वालूरात एका मित्राच्या मुलीचं लग्न होतं. अक्षता पडून गेल्या होत्या, पंगती चालू होत्या आणि मी जेवून, हात धुऊन, सुपारीच्या शोधात मांडवाबाहेर आलो होतो. बघतो तर चांगली इरकली साडी नेसलेली, चष्मा लावलेली, पन्नाशीच्या आतबाहेरची एक बाई उकिडवी बसून एकेक चप्पल उलटी करून बघत होती. तळ बघायची, बोटानं चाचपायची, पुन्हा होती तशी ठेवायची. लग्नातून चपला जाणं आमच्याकडं काही नवं नाही. पण भरदुपारी, इतक्या निवांतपणे, निवडून निवडून चोरी करणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती. मी जरा दरडावूनच घसा खाकरला.

त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलंसुद्धा नाही. माझ्या पायांकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "भाऊ, उजव्या पायाला कुरूप हाय का तुमच्या? बाहेरच्या अंगानं चालायलात."

कुरूप होतं. चांगलं दोन वर्षं जपलेलं होतं. मी चोर पकडायला गेलो आणि झडती माझीच झाली. मी काही बोलायच्या आत त्यांनी ढिगातून एक जोड उचलला. "आता ह्या बगा. ही बाई वयस्कर असनार. पाऊल उचलून टाकत न्हाई, घासत नेती. पट्टा कधीचा तुटलाय, हिला पत्ता न्हाई. चालता चालता चप्पल पायातून निघून जात असंल, तेबी कळत नसंल. हिला साखर हाय. पाय बधिर व्हायलेत. कोन हाय ही, माहीत हाय का तुमाला?"

ती माझी आई होती.

एवढं बरोबर आल्यावर बाईंना चेव आला. त्यांनी पुरुषी चपलांचा एक जोड उचलला आणि सांगितलं, हा गडी अंगानं जाड आहे आणि डाव्या पायानं लंगडतो. मालक शोधायला मी मांडवात हाक दिली, तर दोन भाऊ उठले. जोड सामाईक होता, आळीपाळीनं घालायचे. एक भाऊ जाड होता, दुसरा लंगडत होता. मी हसायला लागलो, पण बाई ओशाळल्या वगैरे अजिबात नाहीत. म्हणाल्या, "मग काय झालं? एका चपलेवरून दोघांचं बराबर सांगितलं की."

त्या डॉक्टर होत्या. माहेर मानवतकडच्या एका खेड्यातलं, शिक्षण मोठ्या शहरांतून, आणि आता परभणीत राहून पायांवर संशोधन करत होत्या. वर्षानुवर्षं टाचा धरून बसणाऱ्या बाया, भेगांनी बेजार झालेले शेतकरी, साखरेनं पाय बधिर झालेली म्हातारी माणसं, या सगळ्यांना कसली चप्पल दिली तर आराम पडेल, जखमा टळतील, हे त्यांना शोधायचं होतं. त्यासाठी त्यांनी आमचं वालूर निवडलं होतं. गावाला हे कळायला बरेच दिवस लागले. निम्म्या लोकांना वाटायचं, बाई कुठल्यातरी चपलांच्या कंपनीकडून आल्यात आणि शेवटी किंमत सांगणार. बाकीच्या निम्म्यांना वाटायचं, एवढी शिकलेली बाई, हिला पायच सापडले का? बाईंचं त्यावर ठरलेलं उत्तर होतं. "डोळ्याला चष्मा लावला तर कुनी हसत न्हाई. कवळी बसवली तर हसत न्हाई. पायाला नीट चप्पल घातली की म्हनतेत, बगा थाट. पाय काय सावत्र हाय का?"

चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत. सेलूच्या बाजारात आमच्याच गावचा माणूस समोर येऊन रामराम घालायचा आणि बाई अनोळखी माणसाकडं बघावं तसं बघायच्या. मग नजर खाली जायची आणि चेहरा उजळायचा. "अरे, तुमी व्हय. टाच कशी हाय?" माणसाला आधी राग यायचा, मग गंमत वाटायची. मी एकदा त्यांना म्हणालो, बाई, हे बरं दिसत नाही, माणसाच्या तोंडाकडं बघावं. तर म्हणाल्या, "तोंडाचं काय घेऊन बसलात सर. तोंड तर फोटोतबी हसतं. टाचेला हसता येत न्हाई."

सर मी, कारण मी शाळेत चित्रकला शिकवतो. त्यामुळंच बाईंनी मला धरलं. त्यांना लोकांच्या पावलांचे ठसे घ्यायचे होते. रबराच्या जाळीवर शाईचा रूळ फिरवायचा, वर कागद, कागदावर माणसाचं पाऊल. जिथं दाब जास्त तिथं ठसा गडद उमटतो. शाई आणि रूळ ही माझी खाती. सुटीच्या दिवसांत शाळेचा एक वर्ग मोकळा करून मिळाला आणि माझी रविवारची झोप गेली. मी कुरकुर केली नाही असं नाही. बाई म्हणाल्या, "सर, तुमी आजवर सूर्योदय, झोपडी अन् नारळाची दोन झाडं काढून घेतली पोरांकडून. आता जरा खरं काहीतरी छापा." हे त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे, पण खोटं नव्हतं.

पहिल्याच दिवशी काम अडलं. रांगेतल्या पहिल्या आजोबांनी कागद पाहिला आणि पाय मागं घेतला. कागदाला पाय कसा लावायचा? कागद म्हणजे विद्या. चुकून पाय लागला तरी आपण हात लावून डोळ्याला लावतो, आणि इथं तर जाणूनबुजून उभं राहायचं होतं. मागच्या रांगेत कुजबुज झाली. एक निवृत्त हेडमास्तर होते, ते तर म्हणाले, "आयुष्यभर पोरांना ज्यासाठी छड्या मारल्या, ते मी आता स्वतः करू का?" बाई शांतपणे खाली वाकल्या, कागदाला नमस्कार केला आणि म्हणाल्या, "आई सरस्वती, ह्यांच्या टाचेचं दुखनं कळावं म्हनून पाय ठिवायलेत. रागावू नको." मग हेडमास्तरांनीही कागदाला नमस्कार केला आणि वर उभे राहिले. तेव्हापासून प्रत्येक ठशाआधी कागदाला नमस्कार व्हायचा. वेळ दुप्पट लागायचा, पण कुणी परत गेलं नाही.

त्याहून मोठी पंचाईत तपासणीची होती. बाईंना पाय हातात घ्यावे लागत. म्हाताऱ्यांचं काही नाही, त्यांना आपले पाय कुणीतरी धरावेत याची सवयच असते. पण लेकीसुनांच्या पायाला बाईंनी हात लावला की त्या विस्तव लागल्यासारख्या उठायच्या. मोठ्या बाईनं आपल्या पायाला हात लावणं म्हणजे पाप. मग ती मुलगी वाकून बाईंच्या पाया पडायची, बाई आशीर्वाद द्यायच्या, मग दुसरा पाय हातात घ्यायच्या, की पुन्हा नमस्कार. दिवस संपला की बाई म्हणायच्या, "आज इतके आशीर्वाद वाटलेत, माझ्याकडं सोताला काही उरलं न्हाई." त्यांचं बोलणं असं कायम आमच्यासारखंच. इंग्रजी सोडली तर त्यांना एकच भाषा येत होती, आणि ती त्या ओसरीवरच्या म्हातारीशी आणि परभणीच्या साहेबांशी सारखीच बोलायच्या.

माझ्या आईलाही मी नेलं. नेलं म्हणजे, बाईंनी दोनतीनदा निरोप धाडल्यावर आई आपण होऊन आली. कुणीतरी आपल्या तुटक्या चपलेवरून आपल्या शरीरातली साखर ओळखली, याचं तिला कुतूहल होतं. बाईंनी तिला डोळे मिटायला लावले आणि नायलॉनचा एक बारीक धागा तळव्याला टेकवायला सुरुवात केली. लागला की सांगायचं. इथं टेकवला, तिथं टेकवला, टाचेला, अंगठ्याखाली, करंगळीपाशी. आई डोळे मिटून शांत बसलेली. थोड्या वेळानं म्हणाली, "लावा की बाई आता, किती वेळ बसवनार?" बाईंनी माझ्याकडं पाहिलं. हसणारी बाई, पण तेव्हा हसली नाही.

मग चपला वाटल्या. एमसीआर म्हणून एक मऊ रबर असतं, त्याचा तळ, टाचेला आधार, मागं पट्टा, पायातून निसटू नये म्हणून. बाईंनी प्रत्येकाच्या ठशावरून बनवून घेतल्या होत्या. दिवसभर वापरायच्या, असं प्रत्येकाला बजावलं. लोकांनी माना डोलावल्या, चपला छातीशी धरून घरी नेल्या.

काही महिन्यांनी सगळ्यांना चपला घेऊन पुन्हा बोलावलं. त्या दिवशीचा बाईंचा आनंद मला अजून दिसतो. एकेक चप्पल उलटी करत होत्या आणि म्हणत होत्या, "सर, बगा, तळ कसला टिकलाय. रेघसुद्धा गेली न्हाई. लई दणकट रबर निघालं." आणखी चारपाच जोड पाहिले आणि त्यांचा आवाज हळू झाला. एक जोड अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत होता. एका जोडावर हळदीकुंकू वाहिलेलं होतं. एका मावशींनी सांगितलं, "पोरीच्या साखरपुड्याला घालीन म्हनून ठिवल्यात, रोज घालून कशाला नास करावा?" एक शेतकरी म्हणाला, "परभनीला जाताना घालतो की. रानात कशा घालाव्या? पेरलेल्या मातीवर चप्पल घेऊन कोन जातं?" आमच्या आईनं तर कागदात गुंडाळून फडताळात ठेवली होती, आणि ते ती अभिमानानं सांगत होती.

बाईंनी त्या मावशींना विचारलं, "अन् घरात काय घालता?"

"घरात?" मावशींना प्रश्नच समजला नाही. "घरात कोन चप्पल घालतं, बाई?"

बाई मटकन खुर्चीत बसल्या. मला वाटलं आता रागावणार. त्या हसायला लागल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "सर, मी ह्याच मातीतली. शाळेतून आले की पायरीवर चप्पल अन् आत अनवानी, सगळं बालपन असं गेलं. चप्पल घालून आत आले म्हनून आईचा मारबी खाल्लाय. अन् शहरात बसून कागदावर काय लिवलं, तर दिवसभर वापरावी. बाया दिवसभर असतेत कुठं, हे लिवायचं राहूनच गेलं." दुसरा कुणी असता तर खेडवळ लोकांना शिकवून उपयोग नाही म्हणून मोकळा झाला असता. बाईंनी त्या चुकीचं गाठोडं स्वतःच्या डोक्यावर घेतलं आणि चहा मागवला.

चहा येईपर्यंत ठसे घेऊ म्हणून मी आईला कागदावर उभं केलं. तिनं पाऊल उचललं तेव्हा अंगठ्याच्या मागं, तळव्याच्या उंचवट्याच्या जागी, कागदावर एक ओला लाल डाग होता. आई शेजारच्या मावशींना कैरीच्या लोणच्याबद्दल काहीतरी सांगत होती. बाईंनी तिचा पाय वळवून घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि चिमट्यानं काचेच्या बांगडीचा एक तुकडा बाहेर काढला. हिरव्या बांगडीचा. तो कधीपासून आत होता देवाला ठाऊक. आजूबाजूची कातडी पांढरी पडली होती. आईचं लोणचं चालूच होतं. तिला काही कळलंच नव्हतं.

त्या जखमेनं आमचे पुढचे महिने खाल्ले. ती भरेना. आईला ताप आला. परभणीला दाखवलं तेव्हा तिथले सर्जन म्हणाले, अंगठा काढावा लागेल असं दिसतंय, आणि तेवढ्यावर भागलं तर नशीब. बाईंनी त्यांच्याकडं मुदत मागून घेतली. जखम त्यांनी स्वतः साफ केली, औषधं चालू झाली, ताप उतरला. पण त्यांचं म्हणणं एकच होतं, जखमेवरचा दाब उतरला पाहिजे. आमच्या ओसरीवर बसून त्या आईला समजावत होत्या.

"काकू, परत्येक पावलाला ही जखम दाबली जायली. ती भरनार कवा? चप्पल घरातबी घालावी लागंल. उठल्यापासून निजंपर्यंत."

"ओसरीत घालीन," आई म्हणाली. "अंगनात घालीन. न्हानीपर्यंत घालीन. सैपाकघरात न्हाई."

"अन् दिवसभर तुमी असता कुठं?"

"सैपाकघरात."

इथं आमच्या घराबद्दल थोडं सांगायला हवं. गावातल्या देवीची पूजा आमच्याकडं होती. वडील गेल्यावर पूजा चुलत्यांकडं गेली, पण सोवळं आईकडं राहिलं. स्वयंपाकघर आणि देवघर आमच्याकडं एकाच खोलीत आहेत, आणि त्या खोलीवर आईचं राज्य. माझ्या बायकोला सून होऊन इतकी वर्षं झाली, तरी ताबा मिळालेला नव्हता. चप्पल तर फार लांबची गोष्ट. मी चिडलो. पाय राहिला तर सोवळं, असं काहीतरी तोडून बोललो. आई म्हणाली, "पाय माझा हाय, दिगंबर. अन् देवबी माझाच हाय. तू मधी पडू नको."

बाईंनी मला डोळ्यांनीच गप्प केलं. "काकू, साधू लोक खडावा घालून देवापुढं जातेत की."

"त्यांच्या खडावा उकिरड्यावरून आलेल्या नसतेत," आई म्हणाली. "बाहेरची घान आत येती, त्याला माझी ना हाय. नुसतं पायात काय घातलं त्याला देव काहून रागावंल?"

दुसऱ्या कुणी हे वाक्य सोडून दिलं असतं. बाईंनी ते उचललं. "म्हंजे उंबऱ्याच्या बाहेर कधी गेलीच न्हाई, अशी चप्पल असंल तर?"

आईनं विचार केला. "अशी कुठं असती? दुकानातून बाहेरूनच येनार की."

"अन् घरातच बनवली तर?"

"रबर तर बाहेरूनच येनार."

"तांदूळबी बाहेरूनच येतेत, काकू. धुऊन घेता ना?"

मग आईनं एकेक अट सांगितली. रबर धुऊन वाळवायचं. कातडं कुठंही नको. आणि बनवणाऱ्यानं आंघोळ करून, धुतलेलं नेसून, आत बसून बनवायचं. बाई म्हणाल्या, "बनवनारी मीच हाय." आई म्हणाली, "मग उद्या या. जेवून येऊ नका, जेवायला करीन."

दुसऱ्या दिवशी जे पाहिलं ते मी जन्मात विसरणार नाही. माझ्या शर्टांशेजारी दोरीवर रबराचे तुकडे वाळत होते. शहरांतून परिषदांना जाणारी, साहेबांना जाब विचारणारी डॉक्टरीणबाई आमच्या न्हाणीत आंघोळ करून, आईचं धुवट लुगडं नेसून, चुलीपुढं पाटावर बसली होती. मी पुठ्ठ्यावर आईच्या पावलाची रेघ काढून दिली. जखमेच्या जागी बाईंनी रबराला खळगा पाडला, म्हणजे तिथं भार येऊ नये. ते काम नामी होतं. शिवण मात्र अशी, की बघवेना. आई थोडा वेळ सोसत होती, मग म्हणाली, "बाई, मानसाला टाके असेच घालता का तुमी?"

"न्हाई काकू," बाई मान वर न करता म्हणाल्या. "मानूस वरडतं, म्हनून नीट घालावे लागतेत. रबर गरीब हाय."

आईनं त्यांच्या हातातली सुई काढून घेतली. जुन्या लुगड्याच्या काठाचे पट्टे तिनं स्वतः शिवले, दुहेरी, घट्ट. चपला तयार झाल्यावर त्यांवर तुळशीचं पाणी शिंपडलं, देवाकडं बघून 'बाहेरची चप्पल आत येनार न्हाई' असं पुटपुटली आणि पाय घातले. बाई तिच्यासमोर खाली बसल्या आणि म्हणाल्या, "काकू, आता शब्द द्या. एक पाऊल बिनचपलेचं टाकायचं न्हाई. आत ह्या, पायरीवर बसून बदलायच्या, बाहेर त्या पहिल्या दिलेल्या. मधी एकसुद्धा न्हाई. देवाची शपथ घालत न्हाई, माझी घालते." आईनं त्यांच्या हातावर हात ठेवला.

जखम लगेच भरली असं झालं नाही. बाई दर आठवड्याला परभणीहून यायच्या, पट्टी सोडायच्या, मोजायच्या, काही न बोलता पुन्हा बांधायच्या. आईपुढं चेष्टामस्करी चालायची. एकदा मी त्यांना फाट्यापर्यंत सोडायला गेलो, तेव्हा गाडीत एकदम म्हणाल्या, "सर, मला भ्या वाटायलंय. अंगठा काढा म्हनत होते तवाच काढला असता तर एवढ्यावर भागलं असतं. माझ्या हट्टापायी काकूंचा पाय जाऊ नये." माझ्या आईसाठी इतकं घाबरणारं माणूस माझ्या घराबाहेरही आहे, हे मला त्या दिवशी कळलं, आणि भीतीबरोबरच मला फार बरंही वाटलं.

उन्हाळा संपत आला होता तेव्हाची गोष्ट. बाईंनी पट्टी सोडली, चष्मा वर केला, पुन्हा लावला. बोटानं दाबून पाहिलं. मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "काकू, भरली."

"मी तर कवाच म्हनत होते भरनार म्हनून," आई म्हणाली.

"कवा म्हनलात?"

"मनात म्हनत होते. तुमाला कशाला सांगावं, तुमी तोंड सुतकी करून बसायच्या." बाई इतक्या हसल्या, की माझी बायको आतून बघायला आली. मी अंगणात जाऊन उगीच झाडांना पाणी घातलं, कारण मला रडू येत होतं.

ही बातमी वालूरात पसरायला वेळ लागला नाही. काकूंच्या घरात चप्पल चालते, तर आमच्या का नाही? पण प्रत्येकीला ती आपल्याच घरात बनवून हवी. बाईंना आपला सगळा आराखडा बदलावा लागला. मग त्या आणि त्यांच्या दोन सहकारी मुली घरोघर बसू लागल्या. घरागणिक अटी निराळ्या. एकीला सोमवारीच हवी. एका सासूचं म्हणणं, सुनेनं खुशाल घालावी, पण आवाज येऊ नये. एकीला काठ हिरवाच पाहिजे. बाई सगळं ऐकायच्या. "देवाची अट असो का सासूची, पायात गेली म्हंजे झालं."

परभणीला एकदा काम बघायला बाहेरून साहेब आले होते. मी ठसे दाखवायला गेलो होतो, म्हणून हे मी स्वतः ऐकलं. साहेबांनी कपाळाला आठ्या घालून विचारलं, "मॅडम, चप्पल रुग्णाच्या घरातच बनवायची, ही अट कशासाठी? याला शास्त्रीय कारण काय?" बाई म्हणाल्या, "शास्त्रीय कारन असं हाय साहेब, की मग ती घातली जाती." साहेबांनी पेन उघडलं, थोडा वेळ तसंच धरलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

पुढं वालूरचं काम संपलं. बाईंना लांबच्या एका डोंगराळ जिल्ह्यात नवं काम मिळालं. सांगायला आल्या तेव्हा खुशीत होत्या. "तिकडं चढउताराचे पाय हायत सर, निराळेच. घराला उंबरे कसे असतेत ते आधी बगून घेते आता." निघायच्या दिवशी आमच्याकडं जेवल्या. वरणफळं केली होती. आईनं त्यांना पाटावर बसवून ओटी भरली, नारळ दिला, खण दिला. दोघीही गप्प होत्या, आणि त्या दोघींना गप्प बघायची सवय नसल्यामुळं मीच उगीच बडबडत होतो. गल्ली अरुंद, म्हणून जीप कोपऱ्यावर रस्त्याला उभी होती. बाईंनी आईला वाकून नमस्कार केला, "येते काकू" म्हणाल्या आणि भरभर निघाल्या. मागं वळून बघितलं नाही. मी पिशव्या घेऊन त्यांच्या मागं.

बाई जीपमध्ये बसल्या, गाडी चालू झाली, तेवढ्यात हाक आली. "थांबा, थांबा." बघतो तर आई. हातात धपाट्यांचं फडकं, वाटेत खायला म्हणून बांधलेलं आणि निरोपाच्या गडबडीत चुलीपाशीच राहिलेलं. पायरीवर बसून चपला बदलायच्या, हा तिचा नेम कधी चुकला नव्हता. आज ती थांबली नव्हती. लुगड्याच्या काठाचे पट्टे रस्त्याच्या धुळीत होते.

बाईंनी फडकं घेतलं. त्यांची नजर खाली गेली आणि तिथंच राहिली. "काकू," त्या म्हणाल्या, "आतल्या हायत ह्या."

"माहीत हाय मला," आई म्हणाली. "दुसऱ्या शिवीन. धपाटे गरम हायत तवर खावा."

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी मान हलवली, ड्रायव्हरला हात केला, आणि जीप गेली.

आम्ही दोघं परत आलो. आई पायरीवर चढली आणि उंबरठ्यापाशी अडली. पायातल्या चपला आता बाहेरच्या झाल्या होत्या. त्या घालून आत जायचं नाही, हा देवाला दिलेला शब्द. त्या काढल्या तर आत जायला पायात काही नाही. आणि एकही पाऊल अनवाणी टाकायचं नाही, हा बाईंना दिलेला शब्द. शिवायचं रबर आत फडताळात. मी म्हणालो, थांब, मी आणून देतो, इथंच बसून शिव. ती बसली नाही. दाराची चौकट धरून आत देवघराच्या दिशेनं बघत उभी राहिली. मग चपला तशाच पायात ठेवून उंबरठा ओलांडून आत गेली.

मी काही विचारलं नव्हतं. जाता जाता तीच म्हणाली, "देव घरातच हाय, त्याला मी समजावीन. ती बाई गेली. तिला आता कोन समजावनार?"